कच्चं काम कुठाय?

"वडाराच्या पोरीला वर्गमूळ येतं? तेही कच्चं काम न करता?"

सरांनी माझा पेपर दोन बोटांत धरून भरल्या वर्गाला दाखवला. पोरं फिदीफिदी हसली. कराडच्या त्या क्लासात खडी क्रशरवर जाणाऱ्या बाईची पोर मी एकटीच.

अकरावीच्या आधीची चाचणी होती. सगळ्या शाखांना एकच पेपर, बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा. पहिला येईल त्याला दोन वर्षं फी माफ. मला तेवढी एकच वाट होती. ती बंद झाली की परत वडूज आणि आईबरोबर क्रशर.

पहिले आलो दोघं. मी आणि माझ्या मागच्या बाकावरचा उंब्रजचा एक पोरगा. त्याच्या बापाचा ऊस कारखान्याला जायचा आणि गुळाच्या ढेपा सरांच्या घरी. आमची उत्तरं सारखी, चुकासुद्धा सारख्याच. सर म्हणाले, हिनं कॉपी केली. अहो, मी पुढं बसलेले! मला काय पाठीला डोळे होते?

मी म्हणाले, "सर, दोघांना फळ्यावर गणित घाला."

सरांनी लिहिलं, √५० + √८०, अंदाजे किती? त्या पोरानं दोन्ही आकड्यांची बेरीज करून एकाच मुळाखाली कोंबली. एकशेतीस. म्हणाला, "अकरा." मी म्हणाले, "सोळा. एकोणपन्नासचं सात, एक्क्याऐंशीचं नऊ. ह्यात कच्चं काम काय करायचं?"

मला वाटलं, जिंकले. किती खुळी होते मी!

"तो घाबरलाय," सर म्हणाले. "आणि तू पाठ करून आलीस."

उत्तर बरोबर आलं तरी मी चूकच होते. तेवढं त्या दिवशी पक्कं कळलं.

दुसऱ्या दिवशी आईला बोलावणं गेलं. कामावरून थेट आली बिचारी, खडीच्या धुळीनं लुगडं पांढरं झालेलं. सर म्हणाले, "पोरीला सगळ्यांसमोर माफी मागू दे, मग क्लासात ठेवायचं का बघतो."

आईनं हात जोडले. "आवं सर, पोर हाय. चुकली आसंल. पदरात घ्या."

दिवसभर पाट्या उचलणारे ते हात, आणि ते या माणसापुढं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आईचे हात धरले आणि सोडवले.

"म्या चोरी केली न्हाई. माफी मागायचीच आसंल तर तुमी मागा. माझ्या आईची."

रस्त्यावर आल्यावर आई रडायला लागली. "लय जीभ चालती गं तुजी," म्हणाली. एसटीत वडूजपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

वडूजच्या कॉलेजातच शिकले. गणिताच्या बाईंनी पुस्तकं दिली, बाकी मी हट्टानं केलं. इंजिनिअरिंगला सांगलीत नंबर लागला. आठवड्याभरात कराडच्या चौकात त्या क्लासचा फ्लेक्स झळकला. त्यावर माझा फोटो! खाली लिहिलेलं, 'आमची गुणवंत विद्यार्थिनी'.

मी ब्लेड घेऊन गेले. भर बाजारात शिडी लावून माझं तोंड तेवढं कापून काढलं. खाली माणसं जमली. सर धावत आले.

"बाळ, झालं गेलं विसरून जा."

"न्हाई विसरणार. तुमालाबी विसरू देणार न्हाई."

नोकरी केली, चार पैसे साठवले, आणि यंदा त्यांच्या क्लाससमोरचाच गाळा भाड्यानं घेऊन माझा क्लास काढला. खटावची, आटपाडीची पोरं येतात. आता त्यांच्याकडचीही यायला लागलीत. लोक म्हणतात, म्हातारा झालाय गं, सोड की आता. का सोडू? माझी आई हात जोडून उभी होती, तेव्हा त्यानं सोडलं होतं?

मला त्याचा एकेक बाक रिकामा करायचाय. शेवटचं पोरगं रस्ता ओलांडून माझ्याकडं आलं की त्याला शटर ओढावंच लागेल. तेव्हा मी समोर उभी राहून बघणार आहे. दया येऊ देणार नाही.