सैन्यात निघालेल्या मुलाचा बाप

परवा गाडीतल्या ओल्या मॅट उन्हात टाकल्या आणि त्या कुबट वासानं मला ओमानमधली एक दुपार आठवली. मी तिथे नोकरीला असताना आमच्या अल अमेरातच्या बांधकाम साइटवर लिथुआनियाचा एक इंजिनियर होता. २०१५च्या सुमाराला शेजारच्या बलाढ्य देशाच्या धास्तीनं त्याच्या देशानं सक्तीची लष्करी भरती पुन्हा सुरू केली आणि सोडतीत त्याच्या एकुलत्या मुलाचं नाव निघालं. मुलगा दुसऱ्या दिवशी छावणीत हजर होणार, त्याआधी भेटावं म्हणून हा निघाला; विमानतळावर सोडायला मी होतो. डोंगरात पाऊस झाला होता. पुढे वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याला, लोंढा आलेला, मागे वळलो तर तोही रस्ता बुडालेला. गाडीत पाणी झिरपू लागलं. तो नुसता घड्याळ बघत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुमच्या पाठीशी मोठे मित्रदेश आहेत ना?" "आहेत. त्यांची विमानं आमचं आकाश राखतात," तो म्हणाला, "पण त्यांचं सैन्य येईपर्यंत सीमेवर कुणीतरी उभं राहायला हवं. तुमच्याइतकी माणसं आमच्याकडे कुठली? आमच्यात एकेक पोरगा मोजतात." पाणी ओसरलं तोवर विमान गेलं होतं. तेवढ्यात मुलाचा फोन आला. त्यांची भाषा मला कळत नव्हती, पण हळूहळू मुलगाच बोलू लागला आणि हा नुसता ‘हं, हं’ करत ऐकू लागला. फोन ठेवून म्हणाला, "तोच मला धीर देत होता." आता माझाही मुलगा लांब शिकायला आहे, त्याचा फोन आला की मी आधी त्याचा आवाज ऐकतो, शब्द नंतर.