खिळ्यावरची सुतळी

माझा मामा शवपेट्या करायचा. लग्नकार्याला त्याला बोलवायचं म्हटलं की नातेवाईक आढेवेढे घ्यायचे, पण कुणी गेलं की त्याच्यावाचून त्यांचं पान हलत नसे. मला या लोकांचा भारी राग यायचा.

मामाची कामाची एक रीत होती. मृताला तो मोजपट्टी लावत नसे. डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरायचा, दोन्ही टोकांना गाठी मारायचा आणि पेटी होईपर्यंत ती कारखान्यातल्या खिळ्याला टांगायचा. शेवटी ती मृताच्याच पायाशी ठेवायची. एकाचं माप दुसऱ्याला लागू नये, असं तो म्हणायचा.

एका सकाळी खिळ्यावर सुतळी दिसली. कुणी गेलं नव्हतं, कुणी पेटी सांगितली नव्हती. गाठी मात्र मामाच्याच हातच्या. त्याने ती भुशाबरोबर जाळली. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं तर ती पुन्हा तिथेच, तेवढीच लांब.

तेव्हा मामी आजारी होती. तापाने तिची पार रया गेली होती. सुतळी हिचीच, असं मामाने मनाशी धरलं आणि काम टाकलं. औषध देताना तो तिच्या तोंडाकडे बघत नसे, पायांकडे बघायचा. मागे त्यांची मुलगी गेली तेव्हा तिची पेटीही त्यानेच केली होती. तेव्हापासून त्याने चर्चची पायरी चढणं सोडलं होतं. पाळक घरी आले की हा मागच्या दाराने पसार.

मामीच्या नजरेतून काय सुटणार? तिने सगळं वदवून घेतलं आणि मला सुतळी आणायला लावली.

"आधी बसा इथे," ती म्हणाली. "येशूला सांगा, भीती वाटते म्हणून. मग मोजा."

मामा गुडघ्यांवर बसला. "मला भीती वाटते," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि रडला. मग त्याने सुतळी तिच्या अंगाशी धरली. ती चांगली वीतभर लांब निघाली.

मला हायसं वाटलं. मामी मात्र हसली नाही. तिने मामाला भिंतीशी उभं केलं आणि सुतळी माझ्या हातात दिली. जगाला मोजणाऱ्या माणसाला स्वतःला मोजायचं सुचलंच नव्हतं. मी एक गाठ त्याच्या डोक्याशी धरली. दुसरी बरोबर टाचेशी टेकली.

"माझी आहे होय," मामा म्हणाला, आणि त्याचा चेहरा सैल झाला.

मामी बरी झाली. मामाने सुतळी खिळ्यावरच ठेवली, त्या मापाची पेटी करून भिंतीशी लावली. रोज कामाआधी तिच्यापुढे गुडघे टेकून प्रार्थना करायचा. बघून माझ्या अंगावर काटा यायचा. भीती वाटत नाही का, मी एकदा विचारलं.

"वाटते की," तो म्हणाला. "पण आता सांगायला कुणीतरी आहे."

अशी बरीच वर्षं गेली. काल आम्ही मामाला त्या पेटीत निजवलं. सुतळी मी स्वतः गुंडाळून त्याच्या पायाशी ठेवली. झाकण लागताना मी तिथेच उभा होतो.

आज सकाळी मामीने कारखाना आवरायला पाठवलं. कुलूप काढलं. खिळ्यावर सुतळी होती. गाठी मामाच्याच हातच्या.

मी ती मोजली नाही. मामा बसायचा तिथे गुडघ्यांवर बसलो आणि आधी सांगून टाकलं, मला भीती वाटते.