विसरतात ते, लक्षात ठेवतो आम्ही

आमच्या गटात किस्से फार लवकर साचतात. साहजिकच आहे हो! ज्यांच्यामुळे घडतात ते पाच मिनिटांत विसरून मोकळे होतात. मग लक्षात ठेवायचं काम आपसूक आमच्या गळ्यात पडतं.

गट म्हणजे काय, तर घरात डिमेन्शियाचा पेशंट असलेली आम्ही चिखलीतली सात-आठ माणसं. महिन्यातून एका रविवारी जमतो, रडतो, चहा पितो, घरी जातो.

मी ब्लाऊज शिवते. माझे बाबा धान्य बाजारात मापाडी होते, आयुष्यभर लोकांचं धान्य मोजलं. दोन वर्षांपासून मला ते "बाई" म्हणतात. धाकटा भाऊ सुधीर पुण्यात असतो आणि तिथून सल्ले पुरवतो. यंदा त्याने मुदतच दिली.

"ताई, दिवाळीपर्यंत तिथे काही सपोर्ट मिळाला तर ठीक. नाहीतर बाबांना इथल्या सेंटरला ठेवू. एसी रूम आहे!"

बाबांना पंख्याखालीही थंडी वाजते. पण एसी म्हटल्यावर आपण काय बोलणार! बाबा पुण्याला गेले तर मी जगूच शकणार नाही असं नव्हतं, पण मला ते जायला नको होते. म्हणून मी सपोर्ट शोधायला निघाले.

*

पहिला सपोर्ट, जनजागृती कार्यक्रम. हॉल दुसऱ्या मजल्यावर. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी यापेक्षा सोयीची जागा कुठली?

पाहुणे स्मरणशक्तीच्या महत्त्वावर बोलले. अध्यक्षांचं नाव विसरले. आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी गाडीत राहिली होती. एक विनोद सांगितला, आम्ही हसलो. दहा मिनिटांनी तोच विनोद पुन्हा सुरू केला.

बाबा पहिल्या रांगेतून ओरडले, "हे झालं ना बे एकदा! पुढचं बोल!"

हॉलमध्ये पेशंट नेमका कोण, यावर नंतर आमच्यात बराच वाद झाला.

*

दुसरा सपोर्ट, आजाराचा सरकारी दाखला. आमच्या गटातले रहीमचाचा शिलाई मशीन दुरुस्त करतात. त्यांच्या बायकोला, शमीमचाचीला, हाच आजार. चाचा तिला घेऊन एका ऑफिसात गेले, मीही सोबत.

खिडकीतले साहेब म्हणाले, "तुम्ही मधे बोलू नका. पेशंटनेच सांगायचं. हां, विसरायला कधीपासून लागलं? तारीख सांगा."

चाचीने बराच विचार केला. "मागच्या खेपेले सांगतली व्हती नं तुमाले. ध्यानात नाही राह्यली काय?"

साहेबांनी लगेच शेरा मारला, "माहिती देण्यास सक्षम." अर्ज परत!

बाहेर आल्यावर चाची हळूच चाचांना म्हणाली, "बिच्चारा. त्याच्या घरी कोनी हाय का त्याले पाहाले?"

*

मग ऑनलाइन मार्गदर्शन. मोबाईल डब्याला टेकवून आम्ही सगळे समोर बसलो. मॅडम गोड बोलत होत्या. पेशंटला ब्लूबेरी द्या, पोहायला न्या. ब्लूबेरी आमच्या आठवडी बाजारात आल्या की कळवतेच! पोहायचं म्हणाल, तर नळाला पाणी कधी येतं तेच आम्हाला माहीत नसतं.

"आणि सर्वात महत्त्वाचं," मॅडम म्हणाल्या, "रोज एक तास फक्त स्वतःसाठी काढायचा."

रहीमचाचा मोबाईलजवळ सरकले. "हाव म्याडम, काढतो नं. त्या तासाले तुमी हिच्यापाशी येऊन बसता काय?"

तेवढ्यात मॅडमचं नेटवर्क गेलं म्हणे.

*

सुधीरने जीपीएसचं घड्याळ पाठवलं. बाबा कुठेही गेले की त्याला पुण्यात दिसणार. चौथ्या दिवशी त्याचा फोन, आवाज रडवेला. "ताई, बाबा साखरखेर्ड्याला पोचलेत! तुझं लक्ष कुठे असतं?"

बाबा माझ्यासमोर पिठलं-भाकरी खात होते. मनगट रिकामं!

घड्याळ त्यांनी सकाळी स्टँडवर साखरखेर्ड्याच्या जीपवाल्याला देऊन टाकलं होतं. कशाला, विचारलं तर म्हणाले, "त्याले रोज उशीर होऊन राह्यला, बाई. मले कायची घाई हाय?"

*

दिवाळीच्या तोंडावर सुधीर गाडी घेऊन आला. बाबांची बॅग त्यानेच भरली. दाखवायला माझ्याकडे सपोर्ट होता कुठे?

शेजाऱ्यांचं सोयाबीन आमच्या अंगणात वाळत घातलेलं. बाबा त्याच्यापुढे जुनी पायली घेऊन मोजत बसलेले.

"बाबा, चला. गाडीत बसा."

बाबांनी मान वर केली नाही. मापाड्याचा नेमच आहे तो. रास मोजायला घेतली की संपेपर्यंत उठायचं नाही, मोजणीशिवाय बोलायचं नाही. अर्ध्यात उठलं तर बरकत जाते. पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं. हे सुधीरलाही ठाऊक, लहानपणी रास मोडली म्हणून मार खाल्लेला त्याने! तो खुर्ची घेऊन बसला. "होऊ दे. अर्ध्या तासाचं तर काम."

बाबा उजवीकडचं मोजून डावीकडे टाकत होते. मी डावीकडे बसले, सुपडं घेतलं, आणि मोजलेलं धान्य बाबांच्या पाठीमागून पुन्हा उजवीकडे ओतायला लागले.

अर्धा तास झाला. दीड झाला. रहीमचाचा आले, त्यांनी पाहिलं, आणि सुधीरपुढे चहा ठेवला. सुधीर फोनवर बायकोला सांगत होता, "निघतोच आहे गं, थोडं सोयाबीन राहिलंय."

ऊन उतरलं तेव्हा त्याने राशीकडे नीट पाहिलं. मग माझ्या हाताकडे. सुपडं हातातच राहिलं. तेवढ्यात बाबांची पायली जमिनीला घासली. उजवीकडे मूठभर दाणे उरले होते.

सुधीर उठला. माझ्या हातातलं सुपडं घेतलं, डावीकडून काठोकाठ भरलं आणि बाबांच्या उजवीकडे ओतलं.

बाबांनी पायली भरली.

"लाभ!"