हॉर्न वाजवून रस्ता रुंद होत नाही

मनूचा ताप एकोणीस दिवस उतरला नाही, तेव्हाही मी देवाला हात जोडले नव्हते, हे आधीच कबूल करतो. मनू माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची. टायफॉईड झाला होता. बायकोनं दवाखान्यात तिच्या खाटेशी उभं राहून नारायणपूरच्या दत्ताला नवस केला, की पोर बरी झाली तर तिला दर्शनाला आणीन. मी त्या वेळी नर्सशी रिपोर्टवरून हुज्जत घालत होतो. पोर बरी झाली. मला वाटलं औषधानं, बायकोला वाटलं दत्तानं, आणि आनंदच एवढा होता की त्यावरून आमचं भांडण झालं नाही. मात्र नवस फेडायचा विषय निघाला की मी दर रविवारी काहीतरी कारण काढायचो. असे चार महिने गेले. शेवटी एका रविवारी तिच्याच कंपनीत नेमकं सॉफ्टवेअरचं रिलीज निघालं. ती सकाळपासून लॅपटॉपला चिकटलेली. मान वर न करता म्हणाली, "आज तू तरी घेऊन जा तिला. मला आता टाळवत नाही." मनूच्या डोक्यावर आईचं हेल्मेट, ते सैल होऊ नये म्हणून आत कोंबलेला रुमाल, पाठीवर पिवळं दप्तर आणि त्यात नारळ आणि पेढे, अशी आमची स्वारी धायरीहून मोटरसायकलवर निघाली.

माझ्या स्वभावाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मूळचा अकोल्याचा. नोकरीसाठी पुण्यात आलो, हिंजवडीत चिकटलो, आणि बारा वर्षांत पुणेकरांकडून घ्यायच्या चांगल्या गोष्टी सोडून त्यांचा खवचटपणा तेवढा उचलला. त्यातही गाडीवर बसलो की मी वेगळाच माणूस व्हायचो. मागून कुणी हॉर्न वाजवला की तो डोक्यातच जायचा. कुणी फार जवळ येऊन अंगावर गाडी घालायला लागला, तर बाजूला होणं मला हार वाटायची. मी मुद्दाम वेग कमी करायचो. ब्रेकला नुसता पाय लावायचो. मागचा लाल दिवा पेटला की तो दचकतो, आणि ते आरशात बघताना मला गंमत वाटायची. वर नारायण पेठेतल्या एका रेडियमवाल्याकडून मी मागच्या नंबरप्लेटखाली एक पाटी करून घेतली होती: "हॉर्न वाजवून रस्ता रुंद होत नाही. वाट पाहावी." ऑफिसच्या पार्किंगमध्ये लोक तिचे फोटो काढायचे. अस्सल पुणेकर झाल्याचा दाखला मिळाल्यासारखं वाटायचं मला.

नारायणपुरात त्या दिवशी बरीच रांग होती. रांगेतही माझं तेच. एक गृहस्थ मागून सारखे खेटत होते, मी कोपर बाहेर काढून उभा. तासाभरानं मूर्तीसमोर पोचलो. मनूनं डोळे घट्ट मिटून हात जोडले. एवढं आलोच आहे तर काय मागावं, असा विचार मी करत होतो, तेवढ्यात तिथले सेवेकरी म्हणाले, "दर्शन झालं, माउली? सरका आता, मागच्यांना येऊ द्या." माझं काही मागून झालं नव्हतं, धड नमस्कारही झाला नव्हता. मी तिथेच त्यांना म्हणालो, "तासभर उभे होतो आम्ही." ते शांतपणे म्हणाले, "हो माउली. तेही उभेच आहेत." मी बाहेर आलो तो धुसफुसतच. देवाच्या दारातही मागून ढकलणारे आहेतच, असं काहीतरी मनूला म्हणालोसुद्धा. ती चप्पल घालत होती.

परत येताना दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. कात्रजचा नवा बोगदा संपला की धायरीपर्यंत लांबच लांब उतार आहे. बोगद्यातून बाहेर पडलो आणि मागून हॉर्न सुरू झाला. आरशात पाहिलं तर एक टेम्पो, लाद्या भरलेला, अगदी मागे. मी मधल्या लेनमध्ये होतो. उजवीकडून गाड्यांची ओळ सुसाट चालली होती, डावीकडे अवजड ट्रेलर रांगत होते. ट्रेलरांच्या मधे जागा होती, मला सहज बाजूला होता आलं असतं. पण त्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर तो डिपर मारायला लागला. खिडकीतून हात बाहेर काढून हलवायला लागला. मला वाटलं, हा मला दम देतोय. मी मनूला म्हणालो, "घट्ट धर," आणि वेग कमी केला. साठाचा पन्नास केला, पन्नासाचा पंचेचाळीस. पाठीमागे माझी पोर बसलेली असताना मी हे केलं. केलं ते केलं. उजवा पाय ब्रेकवर होता. आता लाल दिवा दाखवायचा आणि त्याला दचकवायचं, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात डावीकडून एक स्कूटी माझ्या बरोबरीला आली. एक मुलगी होती. पुण्यात मुली बांधतात तसा डोळे सोडून सगळ्या तोंडाला स्कार्फ बांधलेला. ती ओरडली, "अहो काका, सरका ना! रस्ता काय तुमच्या नावावर आहे?"

काका! छत्तीस वर्षांचा होतो मी. आणि माझीच भाषा मला ऐकवतेय! टेम्पो राहिला बाजूला, मला आता आधी हिला उत्तर द्यायचं होतं. चांगलं झणझणीत उत्तर तोंडाशी आलंही होतं. ती पुढे निघाली, तशी तिला गाठायला मी गाडी डावीकडे घातली.

मी सरकलो तो असा. मला कुठला साक्षात्कार झाला नाही, आतून कसला आवाज आला नाही. केवळ एका अनोळखी मुलीशी भांडायचं म्हणून मी सरकलो. आणि त्याच क्षणी उजव्या बाजूनं टेम्पो गेला. गेला म्हणजे काय, कोसळला. वाऱ्याच्या झोतानं गाडी हेलकावली, काडकन आवाज झाला आणि माझा उजवा आरसा मुळापासून उडाला. माझा हात शाबूत होता. मनूचा गुडघा शाबूत होता. टेम्पो तसाच सरळ खाली धावला, कडेच्या कठड्याला घासत गेला, आणि पुढे रस्त्याच्या कामासाठी ओतलेल्या मातीच्या ढिगात घुसून थांबला. लाद्या फुटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी गाडी लावली, मनूला उतरवलं आणि टेम्पोकडे धावलो. वाचवायला नाही. मारायला. खोटं कशाला बोलू, मूठ वळलेली होती माझी. ड्रायव्हर खाली उतरून चाकाला टेकून बसला होता. माझ्याहून मोठा, पंचावन्नचा तरी असेल, कपाळातून रक्त येत होतं. मी काही बोलायच्या आत त्यानं माझ्या मागे पाहिलं. मनू पिवळं दप्तर सावरत माझ्या पाठोपाठ आली होती. तिला पाहिलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला.

"ब्रेक गेलं व्हतं, साहेब," तो म्हणाला. "बोगद्यातनं भाईर आलो आन् गेलंच. गेअर पडंना. हँडब्रेकनं घडीभर धरलं, मग त्योबी गेला. हॉर्न तेवढा वाजत व्हता, म्हणून तोच वाजवत व्हतो." मग म्हणाला, "सगळा वेळ तुमची पाटी वाचत व्हतो. वाट पाहावी, वाट पाहावी. आन् तिच्यावर पोरीचं पिवळं दप्तर. म्या कशी वाट बघू, साहेब?"

मी तिथेच मातीत बसलो. जो हात मला दम देतोय असं मी समजत होतो, तो हात माझ्या पोरीला वाचवायला धडपडत होता. आणि मी त्याला पाटी दाखवत होतो. मी जरासा ब्रेक दाबला असता तर... हे वाक्य मला आजवर पूर्ण करता आलेलं नाही. लोक जमले, कुणीतरी पाणी दिलं, कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली. मनूनं दप्तर उघडून त्याच्या हातावर पेढा ठेवला. तो त्यानं कपाळाला लावला, रक्त लागलं त्याला.

स्कूटीवरची ती मुलगी मला पुन्हा दिसली नाही. दिसली असती तरी ओळखणार कशी? तोंड बांधलेलं, नंबर पाहिला नाही, आणि पुण्यात तशा हजारो मुली रोज गाडी चालवतात. तिनं त्या हॉर्नमधली निकड ओळखली, की तिलाच फक्त पुढे जायचं होतं, मला माहीत नाही. बायको म्हणते, ते दत्त महाराजच होते. मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. पूर्वी नाही म्हणायला मला क्षणभर लागला नसता. तिला द्यायला जे उत्तर मी तयार केलं होतं, ते मात्र मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं.

घरी पोचल्यावर बूटही न काढता मी पार्किंगमध्ये बसून नखांनी पाटीचं रेडियम खरवडलं. अक्षरं निघाली, डिंकाचे डाग राहिले. बायको खाली आली, तिनं आधी तुटलेला आरसा पाहिला, मग माझी नखं पाहिली. सगळं सांगून झाल्यावर तिनं मनूला जे कवटाळलं, ते रात्री झोपेपर्यंत सोडलं नाही.

पुढच्या गुरुवारी रजा टाकून आम्ही तिघं पुन्हा नारायणपूरला गेलो. सेवेकरी तेच होते. मूर्तीसमोर उभा राहिलो आणि या वेळीही काही मागता आलं नाही, कारण डोळेच भरून आले होते. "सरका, माउली," ते म्हणाले. मी त्यांच्याच पाया पडलो. ते गोंधळले. माझ्या मागचे गृहस्थ मात्र कुरकुरले, "अहो, आता तरी सरका." मनू फसकन हसली. मीही हसलो आणि सरकलो.

अजून मी त्याच उतारावरून जातो. मागून कुणी अंगावर आलं, हॉर्न वाजवला, डिपर मारला, तर तो उद्धट आहे की त्याचे ब्रेक गेलेत, हे मी ठरवत बसत नाही. आरशात बघतो, डावीकडे जागा बघतो, "श्री गुरुदेव दत्त" म्हणतो आणि त्याला जाऊ देतो. बहुतेक वेळा तो उद्धटच निघतो. निघू दे. लोक विचारतात, एवढ्या मोठ्या अनुभवानंतर तू देवाला शरण गेलास का? शरण जाणं म्हणजे काय, ते मला अजून नीट कळलेलं नाही. मला सरकता येतं. तेवढं मी करतो.