कुंकू कुठं लावायचं?

कल्पना करा, तुम्हाला लॅपटॉप घ्यायचा आहे आणि आजवर तुम्ही त्याला हातही लावलेला नाही. पाथर्डीकडच्या ऊसतोड कामगार रंगुबाई अशाच नगरच्या एका दुकानात गेल्या. मुलगी रोहिणीला घरून करायची नोकरी लागली होती; अट एकच, लॅपटॉप स्वतःचा हवा. विक्रेत्याने खुर्ची दिली, चहा पाजला आणि हसत म्हणाला, "मावशी, घरी नेल्यावर आधी पूजा करा बरं का!"

रंगुबाईंनी पूजा केली. लॅपटॉप उघडून ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं, फुलाने पाणी शिंपडलं. त्यानंतर तो सुरूच झाला नाही.

परत नेला तेव्हा खुर्ची मिळाली नाही. तोच विक्रेता म्हणाला, "बाई, आत पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही."

"आवो, पूजा करा म्हनून तुमीच सांगितलं हुतं ना?"

"पाणी ओता म्हणालो का मी?"

मागचं गिऱ्हाईक फिसकन हसलं.

रोहिणीची नोकरी दुसऱ्या मुलीला गेली. यंदा ती आईबरोबर उसाच्या फडात मोळ्या बांधते. मी त्यांच्याच गावचा, कॉम्प्युटर शिकलो, म्हणून रंगुबाई भेटल्या की अजून मलाच विचारतात, "पोरा, मग कुंकू लावायचं तरी कुठं हुतं?"