त्रिनिदादहून आणलेलं पिंप

बोटीवरच्या माणसांकडे किस्से फार असतात. त्यांच्या आयुष्यात जगावेगळं काही घडतं असं नाही, घडलेलं ऐकायला समोर कोणी नसतं, म्हणून ते साठत जातं. घरी आली की ही मंडळी नुसती झोपतात. माझा नवरा श्रीकांत इतकी वर्षं बोटीवर इंजिनिअर आहे, पण त्याच्या तोंडून मी फार तर दोन किस्से ऐकले असतील. बाकीचे मीच जाऊन गोळा करून आणले. आता तुम्ही सापडलाच आहात, तर ऐका!

*

आधी आमच्या घराचा.

बँकेतल्या बदलीने मी कोलकात्याला आले आणि निवृत्तही इथेच झाले. मुलगी बंगळुरूला असते. श्रीकांतचं हे कॉन्ट्रॅक्ट संपलं की पुण्याला जायचं, असं आमचं पक्कं ठरलंय. फक्त दर वेळी ‘हे’ कॉन्ट्रॅक्ट नवीन असतं.

बागबाजारात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. राहायला आले त्याच दिवशी तळमजल्यावरच्या माशिमांनी, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगच्या मावशींनी, मला जिन्याशी अडवून गाव विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुम्ही लोक येऊ नयेत म्हणून तर इथे खंदक खणला होता.”

जुन्या काळी मराठ्यांच्या धास्तीने खणलेला खंदक म्हणे इथूनच सुरू व्हायचा. पुढे तो बुजवला, म्हणून मी पोचले!

माशिमांचे गुडघे दुखतात, त्या वर कधीच येत नाहीत. बाकीचेही येत नाहीत. माझ्या दाराची बेल वाजते ती दूधवाल्याने, नाहीतर केबलवाल्याने वाजवलेली. कधीतरी कोणीतरी काही काम नसताना यावं, एवढीच माझी इच्छा.

*

त्यामुळे श्रीकांत एकदा “चल बरोबर” म्हणाला, तेव्हा मी एका पायावर तयार झाले. रॉटरडॅमला आम्ही टँकरवर चढलो आणि अटलांटिक ओलांडायला निघालो.

बोटीवर चीफ इंजिनिअरला ‘बडा साब’ म्हणतात. हा बडा साब सकाळी इंजिनरूममध्ये उतरायचा आणि तेलकट होऊन जेवायला वर यायचा. एका दुपारी मला राहवेना, मी केबिनमधून खाली फोन लावला.

“काय काम आहे?” बडा साब.

“काही नाही.”

“मग ठेव.”

मी कोलकात्यात असताना निदान फोनवर तो पाच मिनिटं बोलायचा!

त्यात पश्चिमेकडे जाताना बोटीवर मधूनमधून घड्याळ एक तास मागे करतात. सगळा क्रू खूश, झोपायला एक तास जास्त. मला आधीच दिवस जाता जात नव्हता, वर हा बोनस.

*

बोटीचा कुक निमाईदा बजबजचा, म्हणजे कोलकात्याजवळचाच. कोलकात्याची बाई आली म्हणून त्याने पहिल्याच दिवशी माझ्यासाठी मोहरी वाटून लावलेली मासळी केली आणि समोर उभा राहिला.

“घरची आठवण येत असेल ना, बौदी?” बौदी म्हणजे वहिनी.

डोळ्यांत पाणी आलं होतं ते मोहरीमुळे, पण त्याला ते आठवणीचंच वाटलं. कोलकात्यात मी ‘मराठी बाई’, आणि कोलकाता सोडल्यावर झाले ‘कोलकात्याची बौदी’! मला मोहरी सोसत नाही हे सांगायचा धीरच झाला नाही. उतरेपर्यंत त्या बिचाऱ्याने मला मोहरी खाऊ घातली.

*

भर समुद्रात कित्येक दिवस दुसरी बोट दिसत नाही. एका सकाळी लांबवर एक दिसली. मी डेकवर पिवळा ड्रेस घालून उभी होते. काय वाटलं कोणास ठाऊक, ओढणी काढून हलवत सुटले. हसू नका, तुम्हीही हलवली असती.

थोड्या वेळाने सेकंड ऑफिसर खाली आला. समोरच्या बोटीवाल्याने दुर्बिणीतून पाहिलं होतं आणि रेडिओवर निरोप दिला होता: ‘पिवळ्या कपड्यांतल्या बाईंना गुड मॉर्निंग सांगा.’

त्यानंतर त्रिनिदाद येईपर्यंत मी रोज पिवळं घातलं. पण पुन्हा बोट आली नाही.

*

त्रिनिदादला पोचलो तो ऐन कार्निव्हलमध्ये. तिथे पहाटे अंधारात लोक अंगाला चिखल फासून रस्त्यावर नाचायला उतरतात. घरच्या लग्नातसुद्धा खुर्ची न सोडणारा श्रीकांत तिथे कोपरापर्यंत चिखलात हात घालत होता! त्याने मला माखलं, मी त्याला माखलं, आणि ट्रकवरचा बँड सुरू झाला. मी त्याचा हात घट्ट धरला. संसारात प्रथमच आम्ही एकत्र नाचत होतो. मला रडू येत होतं.

रस्ताभर नाचून झाल्यावर उजाडायला लागलं. माझ्या हातातला हात श्रीकांतचा नव्हता. सहा फुटी, चिखलाने माखलेला एक अनोळखी गृहस्थ माझ्याकडे अदबीने बघत होता.

“बाई,” तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला, “आपलं दोघांचंही माणूस हरवलंय वाटतं.”

*

तिथे तेलाचं पिंप आखूड कापून, त्याचा तळ ठोकून, त्याला खळगे पाडून वाद्य करतात. प्रत्येक खळग्याचा सूर वेगळा. श्रीकांत मोकळ्या वेळात तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराजवळ बसून ठोकाठोकी शिकला. तिथेच त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं; विमानाने निघताना म्हाताऱ्याने एक पिंप त्याला भेट दिलं. कोलकात्याच्या विमानतळावर कस्टमवाल्याने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, “हे तिकडे फेकून द्यायला जागा नव्हती का?”

श्रीकांत पुन्हा बोटीवर गेला. पिंप माझ्याकडे राहिलं. वाजवता येईना, म्हणून मी ते गच्चीत नेऊन त्यात सांडगे घातले. एकेका खळग्यात दोन-दोन, अगदी बेताचे बसले! वाळल्यावर थोडे कामवालीबरोबर माशिमांकडे पाठवले. उलट निरोप आला: ‘आमच्या डाळीच्या बोडीसारखेच आहेत, पण मिरची अंमळ जास्त.’

*

आता शेवटचा.

गेल्या कार्निव्हलला श्रीकांतची बोट पुन्हा त्रिनिदादला होती. त्यांची पहाट म्हणजे आपली भर दुपार. बागबाजारात दुपारी जेवून सगळे झोपतात, चिटपाखरू नसतं. त्याचा व्हिडिओ कॉल आला. बँडच्या गोंगाटात एक अक्षर कळत नव्हतं. चिखलाने भरलेला चेहरा हसत होता, मागे सगळे नाचत होते, आणि मी एकटी स्वयंपाकघरात उभी होते. मला असह्य झालं. सांडगे झाल्यावर भिंतीला टांगून ठेवलेल्या त्या पिंपावर मी लाटण्याने जीव खाऊन ठोकायला सुरुवात केली. भिंत हादरून फळीवरची भांडी थडथडायला लागली.

तेवढ्यात खाली कोणीतरी शंख फुंकला. मग समोरच्या घरातून दुसरा, मग गल्लीभर. इकडे भूकंप जाणवला की बायका शंख फुंकतात आणि सगळे घराबाहेर पळतात. खिडकीतून पाहिलं तर अख्खी गल्ली रस्त्यावर, झोपेतून उठून, लुंग्या सावरत! लाटणं माझ्या हातात तसंच.

दाराची बेल वाजली.

दारात माशिमा. एका हातात शंख, दुसऱ्या हाताने कठडा धरलेला, धाप लागलेली.

“भूकंप झालाय. चल खाली.”

“माशिमा, तुमचे गुडघे... तुम्ही वर कशाला आलात?”

“तू एकटी असतेस ना.”

मी लाटणं हळूच दाराआड ठेवलं. त्यांचा हात धरला आणि आम्ही एकेक पायरी उतरायला लागलो. माझ्या दुसऱ्या हातातल्या फोनमधून श्रीकांत ओरडत होता, शंख कसले वाजतायत, काय चाललंय तिकडे.

“तू नाच,” मी म्हटलं. “माशिमा मला न्यायला आल्यात.”