रेमिहियोसाहेबांची ग्वारानी

रेमिहियो आल्ताबेंची स्वतःची बँक होती, गोमांस परदेशी पाठवायचा कारखाना होता, आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांना अचानक गरिबांचा कळवळा आला. आधी ते लाल पक्षात गेले. तिथे मंत्रिपद मिळेना, म्हणून निळ्या पक्षात. तिथे उमेदवारांच्या यादीत वरची जागा विकत घेऊन सिनेटर झाले. सभागृहात तोंड उघडलं ते फक्त बँकांवरच्या कराविरुद्ध. मग त्यांना राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं. पण राजधानी असुन्सिओनबाहेर मतं ग्वारानीत, तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत, मागावी लागतात, आणि साहेबांना ती येत होती मोलकरणीला दटावण्यापुरती.

म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या एदुविहिसबाईंना बोलावणं गेलं.

"व्याकरण नको, बाई," साहेब म्हणाले. "टाळ्या पडतील अशी चार वाक्यं द्या."

"देते. पण एवढं घोटून घ्या. समोरच्याला धरून बोलायचं तर 'न्यांदे', म्हणजे आपण. त्याला वगळून बोलायचं तर 'ओरे', म्हणजे आम्ही."

"स्पॅनिशमध्ये दोन्हींना एकच शब्द पुरतो."

"हो, पण इथे नाही पुरत."

साहेब घड्याळाकडे बघत होते.

कासापा गावाच्या चौकात नवीकोरी गवती टोपी घालून ते गरजले, "हा देश ओरेंचा. जमीन ओरेंची, नद्या ओरेंच्या. दुसऱ्या कुणाला त्यातलं ढेकूळही मिळणार नाही."

मग मांदिओकाचे कंद विकणारी एक म्हातारी म्हणाली, "ठाऊक आहे रे बाबा. कुंपणं बघतोच की आम्ही रोज."

लोक पोट धरून हसले. मंचामागे बाईंनी हातपंख्याआड तोंड लपवलं. जन्मभर मुलांच्या चुका सुधारलेल्या त्या बाईंना आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, की माणूस आज पहिल्यांदाच खरं बोलला.

परतताना साहेबांनी विचारलं, "आवडलं ना लोकांना?"

"फार," बाई म्हणाल्या.

"मग सगळीकडे हेच म्हणतो."

चूक सांगायला बाईंनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात साहेबांनी गाडी थांबवून त्यांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसायला लावलं, कारण मागे त्यांना पाय पसरायचे होते. बाई मुकाट्याने पुढे बसल्या.

साहेब गावोगाव तेच बोलले आणि सपाटून पडले. ज्याला सभांमधून चोर म्हटलं होतं, त्या विजयी माणसाने त्यांना युरोपात राजदूत केलं. जाण्याआधी सरकारने 'ग्वारानी भाषेच्या सेवेबद्दल' त्यांच्या गळ्यात पदकही घातलं. बाई समारंभाला गेल्या, शेवटच्या रांगेत बसल्या, आणि चीज घातलेला गरम चिपा पाव दोनदा मागून घेऊन खाल्ला.

साहेबांनी आभार मानले ते स्पॅनिशमध्ये.